ऱ्हॅकोफोरिडी (वृक्षबेडूक कुल)

ऱ्हॅकोफोरिडी हे उभयचर वर्गाच्या अपुच्छ, म्हणजे शेपूट नसलेल्या प्राण्यांच्या गणातील एक मोठे कुल आहे. या कुलातील बेडूक आफ्रिकेचा सहाराच्या दक्षिणेकडील भाग, भारतीय उपखंड, श्रीलंका, दक्षिण चीन, आग्नेय आशिया, फिलिपिन्स, इंडोनेशियाची बेटे, तैवान आणि जपान या प्रदेशांत आढळतात. त्यांच्या चारशेहून अधिक जाती ज्ञात असून ही संख्या दरवर्षी वाढत आहे. बहुसंख्य जाती उष्ण कटिबंधातील दमट अरण्यांत राहतात. महाराष्ट्रात व गोव्यात आढळणारे सर्व वृक्षबेडूक याच कुलातील होत.

बेडूक म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे विहीर, डबके किंवा भाताचे खाचर उभे राहते. ‘कूपमंडूक’ हा शब्द तर याच समजुतीतून आला आहे. या कुलातील बहुतेक जातींचे प्रौढ बेडूक मात्र झाडाझुडपांवर राहतात. काही तर विणीच्या हंगामाखेरीज जमिनीवर क्वचितच उतरतात. त्यांतील अनेक जातींच्या आयुष्यात तर साचलेल्या पाण्याचा संबंधच येत नाही. पाण्याशी असलेले हे नाते या कुलात टप्प्याटप्प्याने कसे सैल होत गेले, हा प्राणिशास्त्रज्ञांच्या विशेष कुतूहलाचा विषय आहे.

शरीररचना

या बेडकांची लांबी सुमारे दीड सेंटिमीटरपासून बारा सेंटिमीटरपर्यंत असते. मादी नरापेक्षा मोठी असते. काही जातींत हा फरक इतका ठळक असतो की नर-मादी दोन भिन्न जातींचे वाटावेत. शरीर सडपातळ, पाय लांब व डोळे मोठे असून डोळ्यांची बाहुली आडवी असते.

कुलाचे खरे लक्षण बोटांत आहे. प्रत्येक बोटाच्या शेवटच्या दोन अस्थींच्या मध्ये कूर्चेचा एक छोटा जादा तुकडा असतो. त्यामुळे बोटाचे टोक हवे तसे वाकवता येते आणि त्यावरची चकती पानाच्या किंवा सालीच्या पृष्ठभागावर सपाट टेकते. शेवटची अस्थी बहुधा इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभागलेली असते व तिच्यामुळे चकतीला आधार मिळतो.

चकतीची पकड चोषणाने, म्हणजे हवा काढून घेतल्याने होते असा समज सर्वत्र आहे. शाळेतही पुष्कळदा तसेच सांगितले जाते. प्रत्यक्षात तसे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास चकतीची त्वचा बहुतांशी षट्कोनी पेशींची बनलेली दिसते. या पेशींमधील बारीक चरांत पातळ श्लेष्म भरलेला असतो. चकती टेकताच जादा द्रव चरांतून निघून जातो आणि उरलेल्या अतिशय पातळ थरामुळे दोन पृष्ठभाग एकमेकांना धरून राहतात; ओल्या काचेवर काच चिकटते, तसाच हा प्रकार आहे. चकती सोडवताना बेडूक ती एका कडेने सोलल्यासारखी उचलतो. त्यामुळे उडी मारताना त्याला वेगळे बळ खर्चावे लागत नाही.

वृक्षबेडूक हे नाव अमेरिका, ऑस्ट्रेलिया व युरोपात मुख्यत्वे हायलिडी कुलातील बेडकांना लावतात. भारतात त्या कुलातील बेडूक ईशान्येकडे आढळतात. दक्षिण द्वीपकल्पात ते नाहीत. दोन्ही कुलांत चकत्या, लांब पाय व बोटांतील जादा कूर्चा ही लक्षणे सारखी आहेत, पण त्यांचे नाते दूरचे आहे. झाडावर राहण्याची गरज सारखी असल्याने दोन स्वतंत्र वंशांत सारखी रचना निर्माण झाली. क्रमविकासातील या प्रकाराला अभिसारिता म्हणतात.

हवेतून तरंगणे

कुलाला नाव देणारी ऱ्हॅकोफोरस ही प्रजाती हाइन्रिख कूल आणि योहान कुनराड व्हान हॅसेल्ट या दोन तरुण निसर्गशास्त्रज्ञांनी १८२२ मध्ये जावातील नमुन्यांवरून स्थापन केली. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘चिंध्या वागवणारा’ असा होतो. अंगावरील त्वचेच्या झालरींवरून व बोटांमधील रुंद पडद्यांवरून ते सुचले असावे.

अशा बेडकाला उडता बेडूक ही प्रसिद्धी मिळवून दिली ती आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी. बोर्निओतील सारावाक येथे असताना एका चिनी मजुराने त्यांच्याकडे एक मोठा हिरवा बेडूक आणला आणि तो उंच झाडावरून तिरका उडत आल्यासारखा खाली आल्याचे सांगितले. वॉलेस यांनी मापे घेतली. शरीराची लांबी सुमारे चार इंच, तर चारही पंजांच्या पडद्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे बारा चौरस इंच भरले. ही हकीकत व चित्र त्यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मलाय आर्किपेलागो’ या ग्रंथात दिले. या जातीला शास्त्रीय नाव मिळायला १८९५ साल उजाडले. जॉर्ज अल्बर्ट बूलांजे यांनी तिला ऱ्हॅकोफोरस नायग्रोपाल्मेटस म्हटले.

‘उडता’ हा शब्द अर्थातच सैल आहे. बेडकाला पंख नाहीत. तो झाडावरून झेप घेऊन पंजे पसरतो आणि उतरत्या मार्गाने दुसऱ्या झाडापर्यंत तरंगत जातो. शॅरन एमर्सन व मिमी कोल यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बेडकांच्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून पाहिल्या. पडद्यांमुळे व पाय वाकवून धरण्याच्या विशिष्ट ढबीमुळे अधिक लांबचे अंतर कापता येते, असे त्यांना आढळले नाही. लाभ होता तो वळण्याचा, म्हणजे हवेत असताना दिशा बदलण्याचा. फांद्यांच्या दाटीतून उतरणाऱ्या प्राण्याला दूर जाण्यापेक्षा नेमक्या फांदीवर पोहोचणे अधिक मोलाचे, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे नवल वाटत नाही.

प्रजनन

अंडी, शेपटीचे भैकेर आणि मग चार पायांचा बेडूक हा पाठ्यपुस्तकातील क्रम या कुलात पुष्कळ ठिकाणी मोडतो. ब्यूर्गेरिया या प्रजातीत तो बराचसा जुन्या रीतीने चालतो; मादी ओढ्याच्या किंवा साचलेल्या पाण्यात अंडी घालते. याच प्रजातीतील एका जातीचे भैकेर जपानमधील कुचिनोशिमा बेटावरील उष्ण झऱ्यांत सुमारे ४६ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात आढळले आहेत. जे पाणी माणसाला अंघोळीला कडक वाटेल, त्यात ते पोहत असतात.

पॉलिपीडेटीस, ऱ्हॅकोफोरस, आफ्रिकेतील कायरोमँटिस व इतर काही प्रजाती फेसाचे घरटे करतात. रात्री मादी पाठीवर नराला घेऊन पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा काठावरच्या झुडपावर बसते. शरीरातून स्रवणारा चिकट द्रव ती मागच्या पायांनी घुसळते. ताक घुसळावे तसा त्याला फेस येतो. त्याच वेळी ती अंडी सोडते व नर त्यांचे फलन करतो. अंड्यांची संख्या पुष्कळदा काही शेकडा असते. सकाळपर्यंत फेसाचा बाहेरचा थर वाळून पापडासारखा कडक होतो, आत मात्र ओल टिकते. त्यामुळे अंडी ऊन, मुंग्या व पाण्यातील मासे या तिन्हींपासून वाचतात. काही दिवसांनी आतला फेस पातळ होतो आणि भैकेर एकेक करून खालच्या पाण्यात गळतात. पावसाची जोरदार सर आली तर हे काम लवकर उरकते. आग्नेय आशियातील पॉलिपीडेटीस ल्युकोमिस्टॅक्स या जातीच्या फेसात निळ्या रंगाचे एक प्रथिन सापडले असून त्याला रॅनास्मर्फिन असे नाव देण्यात आले आहे.

या पद्धतीत सारी भिस्त जागेच्या निवडीवर असते. घरटे बांधताना खाली असलेले डबके आठवड्याभरात आटले, तर भैकेर कोरड्या मातीवर पडतात. वस्तीजवळ राहणाऱ्या जाती पाण्याच्या उघड्या टाक्यांच्या व हौदांच्या भिंतींवरही घरटी करतात. स्वच्छतेच्या भरात असा वाळलेला फेस खरवडून टाकला जातो, कारण त्यात जीव आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कायरोमँटिस झेरॅम्पेलिना ही जाती कोरड्या सॅव्हानात राहते. एका मादीच्या घरट्यावर अनेक नर जमतात व सारे मिळून फेस घुसळतात. प्रौढ बेडूक कडक उन्हात उघड्या फांदीवर बसून राहतो. त्याचा रंग पांढुरका होतो आणि पाणी वाचवण्यासाठी तो पक्ष्यांप्रमाणे युरिक आम्ल उत्सर्जित करतो. बेडकांमध्ये हे अतिशय दुर्मीळ आहे.

सह्याद्रीच्या दक्षिण भागातील ऱ्हॅकोफोरस लॅटरॅलिस या लहान हिरव्या बेडकाची मादी अंडी घातल्यावर पानाच्या कडा ओढून त्याची पुडी करते. एकाच पानात बांधलेल्या या पुडीत अंडी सुरक्षित राहतात.

राओर्केस्टीस, स्यूडोफिलॉटस आणि फिलॉटस या प्रजातींनी याच्याही पुढची मजल गाठली आहे. त्यांच्यात मुक्त फिरणारा भैकेर नसतोच. अंडी थोडी पण मोठी असतात व त्यांत भरपूर पीतक असते. सारे रूपांतरण अंड्याच्या आतच पूर्ण होऊन नखाएवढा छोटा बेडूक बाहेर येतो. याला प्रत्यक्ष विकास म्हणतात. अशा अंड्यांना तळे लागत नाही, ओल मात्र सतत लागते. म्हणूनच या जाती पाऊस व धुके असलेल्या डोंगरांना बांधलेल्या असतात आणि दरवेळी जंगलतोडीची झळ त्यांना आधी लागते.

तमिळनाडूतील कलक्काड-मुंडनतुराई येथील राओर्केस्टीस चॅलॅझोडीस हा बेडूक बांबूच्या पोकळ पेरात अंडी घालतो. पेराला पडलेल्या अरुंद फटीतून प्रौढ आत शिरतात, अंडी आतल्या भिंतीला चिकटवली जातात आणि नर त्यांच्यापाशी राहून राखण करतो. के. एस. शेषाद्री, के. व्ही. गुरुराज व डेव्हिड बिकफर्ड यांनी २०१५ मध्ये ही पद्धत प्रथम वर्णन केली. मुळात एकोणिसाव्या शतकात नाव मिळालेली ही जाती शंभराहून अधिक वर्षे कुणाला दिसली नव्हती.

मातेने पिलांना खाऊ घालण्याचीही उदाहरणे आहेत. तैवान व जपानच्या दक्षिण बेटांवरील कुरिक्सालस आयफिंजेरी या जातीत कापलेल्या बांबूच्या बुंध्यात साचलेल्या पाण्यात भैकेर वाढतात. तिथे खायला काहीच नसते. मादी ठरावीक काळाने परत येऊन फलन न झालेली अंडी घालते व भैकेर ती खातात. ईशान्य भारतातील, झाडाच्या ढोलीत वाढणाऱ्या जेर्डनच्या वृक्षबेडकातही असाच प्रकार आढळला. १८७० च्या सुमारास गोळा केलेल्या नमुन्यांनंतर हा बेडूक जणू नाहीसा झाला होता. तो पुन्हा सापडल्यावर सत्यभामा दास बिजू व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याच्यासाठी फ्रँकिक्सालस ही वेगळी प्रजाती उभी केली.

आवाज व आहार

नराला गळ्याखाली ध्वनिकोश असतो. पाणबेडकाचे ‘डरांव डरांव’ या कुलात ऐकू येत नाही; झुडपी बेडकांचा आवाज बहुधा ‘टिक् टिक्’ असा, घड्याळाच्या किंवा खड्यावर खडा आपटल्याच्या जवळचा असतो. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती आवाजावरून निश्चित ओळखता येतात, म्हणून आता वर्गीकरणात ध्वनिमुद्रणही पुरावा मानले जाते. जपानमधील कजिका हा ब्यूर्गेरिया प्रजातीतील बेडूक तेथील काव्यात स्थान मिळवून आहे. त्याचा मधुर आवाज ऐकण्यासाठी लोक पूर्वी तो पिंजऱ्यात पाळत. आहार किडे, कोळी व इतर लहान अपृष्ठवंशी प्राण्यांचा असतो.

वर्गीकरणाचा इतिहास

या कुलाला स्वतंत्र दर्जा मिळण्यास बराच काळ लागला. आल्बर्ट ग्युंथर यांनी १८५८ मध्ये पॉलिपीडेटीसवरून एक कुलनाम सुचवले होते. सध्याचे नाव १९३२ मधील हॉफमन यांच्या लिखाणातून आले. दीर्घकाळ अनेक तज्ज्ञ या बेडकांना रॅनिडी, म्हणजे सामान्य बेडकांच्या कुलाचा एक भाग समजत. १९७० मध्ये लिएम यांनी अस्थी व स्नायूंच्या तपशीलवार तुलनेवरून आशियातील वृक्षबेडूक व आफ्रिकेतील हायपरोलिइडी कुलातील बेडूक यांचे वंश वेगळे असल्याचे दाखवले. पुढे डीएनएच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. ऱ्हॅकोफोरिडीचे सर्वांत जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये राहतात. ते मँटेलिडी कुल होय.

आज कुलाची दोन उपकुले मानतात. ब्यूर्गेरिइनी या उपकुलात ब्यूर्गेरिया ही एकच प्रजाती असून बाकी सर्व प्रजाती ऱ्हॅकोफोरिनीमध्ये येतात. प्रजातींची संख्या वीसच्या वर आहे, पण ती स्थिर नाही. २०१९ मध्ये ऱ्हॅकोफोरसमधून झांगिक्सालस ही प्रजाती वेगळी करण्यात आली, तेव्हा जुन्या पुस्तकांतील डझनावारी नावे एका लेखाने बदलली. विद्यार्थ्यांना असे बदल त्रासाचे वाटतात, पण त्यांमागे कारण असते. प्रजाती म्हणजे एका पूर्वजाचे सारे वंशज असा निकष मानला, तर दिसण्यावरून एकत्र ठेवलेले गट मोडावेच लागतात.

फिलॉटसचे उदाहरण बोलके आहे. भारत, श्रीलंका व आग्नेय आशियातील सर्व लहान झुडपी बेडूक एकेकाळी याच नावाखाली होते. डीएनएवरून असे दिसले की दक्षिण भारतातील बहुतेक जातींचा वंश स्वतंत्र आहे. बिजू, योगेश शौचे, अँलँ द्युब्वा, सुशील दत्ता व फ्रँकी बॉसुइट यांनी २०१० मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांना राओर्केस्टीस हे नाव दिले. नावातील ‘राव’ म्हणजे बंगळूरचे प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव. ज्या नियतकालिकात हे नाव जाहीर झाले त्याचे ते पहिले संपादक होते. उरलेला भाग ऑर्केस्टीस, म्हणजे नर्तक, हे या गटाला एकोणिसाव्या शतकात दिलेले व नंतर बाद झालेले जुने नाव आहे. श्रीलंकेतील जाती स्यूडोफिलॉटसमध्ये गेल्या.

उगम

मादागास्करमधील नातलग व आशियातील विस्तार यांची सांगड कशी घालायची, हा वादाचा मुद्दा आहे. बॉसुइट व मिलिंकोविच यांनी २००१ मध्ये असे मांडले की यांचे पूर्वज गोंडवनातून सुटलेल्या भारतीय भूखंडावरून आले आणि भूखंड आशियाला भिडल्यावर बाहेर पसरले. इतर संशोधकांच्या मते आशियातून भारतात आलेल्या शाखाही महत्त्वाच्या आहेत. श्रीलंकेबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. समुद्राची पातळी खाली गेली की भारत व श्रीलंका जोडले जात. तरी ही ये-जा थोडीच झाली. भारतातून गेलेल्या पूर्वजांपासून तेथे डझनावारी जाती झाल्या व पुढे त्यांपैकी एक शाखा उलट भारतात आली.

महाराष्ट्र व गोवा

त्या परतलेल्या शाखेचा एक वंशज आंबोलीत राहतो. स्यूडोफिलॉटस आंबोली या जातीचे वर्णन बिजू व बॉसुइट यांनी २००९ मध्ये केले. ती आंबोली परिसरात व लगतच्या उत्तर कर्नाटकात आढळते, आणि आय.यू.सी.एन.च्या लाल सूचीत तिची नोंद अतिसंकटग्रस्त गटात झाली. आंबोलीच्याच नावाने ओळखला जाणारा आंबोली भेक वेगळ्या कुलातील आहे. दोघांची वर्णने एकाच वर्षी प्रसिद्ध झाल्याने पुष्कळदा गल्लत होते.

राओर्केस्टीस बॉम्बेएन्सिस या नावावरून तो मुंबईत सापडला असे वाटते. नेल्सन अॅनंडेल यांनी १९१९ मध्ये वर्णन केलेला मूळ नमुना मात्र आज कर्नाटकात असलेल्या कॅसलरॉकचा आहे. ते ठिकाण तेव्हा मुंबई इलाख्यात होते. राओर्केस्टीस घाटेई ही जाती महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून २०१३ मध्ये आनंद पाध्ये व सहकाऱ्यांनी वर्णिली व पुण्यातील प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांचे नाव तिला दिले.

मलबारी तरंगता बेडूक, म्हणजे ऱ्हॅकोफोरस मलबारिकस, याला थॉमस जेर्डन यांनी १८७० मध्ये नाव दिले. पाठ हिरवी, पंजांतील पडदे नारिंगी-तांबडे व लांबी दहा सेंटिमीटरपर्यंत असते. पावसाळ्यात आंबोलीत व गोव्याच्या घाटमाथ्यावरील अरण्यांत तो पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाची घरटी करताना दिसतो. सर्वांत परिचित जाती पॉलिपीडेटीस मॅक्युलेटस ही होय. तपकिरी रंगाचा हा बेडूक न्हाणीघरात किंवा भिंतीवर आढळतो. इंग्रजीत त्याला ‘चुनाम फ्रॉग’ म्हणत, कारण तो चुन्याने रंगवलेल्या भिंतींवर बसलेला दिसे. त्यातील ‘चुनाम’ आणि मराठीतील ‘चुना’ यांचे मूळ संस्कृत ‘चूर्ण’ या एकाच शब्दात आहे. हा बेडूक विषारी असल्याचा समज निराधार आहे.

ऱ्हास व संवर्धन

जंगलतोड, चहा व इतर पिकांचे मळे, रस्ते आणि बदलता पाऊस ही ऱ्हासाची प्रमुख कारणे आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती संकटात आहेत.

या कुलात सर्वाधिक हानी श्रीलंकेत झाली. केलम मनमेंद्र-आरच्ची व रोहन पेथियागोडा यांनी २००५ मध्ये तेथील २७ नव्या जातींचे वर्णन केले. त्याच संशोधनात वस्तुसंग्रहालयांतील एकोणिसाव्या शतकातील नमुनेही तपासले गेले. त्यांतील अनेक बेडूक पुन्हा शोधूनही सापडलेले नाहीत. स्यूडोफिलॉटसच्या पंधराहून अधिक जाती आता नामशेष मानल्या जातात, आणि त्यांपैकी काहींना नाव मिळाले तेव्हा त्यांचा जिवंत प्रतिनिधी उरलेला नव्हता.

नाव नसलेली जाती लाल सूचीत सहसा येत नाही, कायद्याच्या अनुसूचीत येऊ शकत नाही, आणि एखाद्या धरणाच्या किंवा रस्त्याच्या पर्यावरण अहवालातही तिची नोंद होत नाही. सह्याद्रीतील राओर्केस्टीसच्या कित्येक जाती एखाद्या डोंगरमाथ्यापुरत्याच मर्यादित आहेत. त्यामुळे येथील वर्गीकरणतज्ज्ञांचे रात्रीचे पावसातले फेरफटके, आवाजांची मुद्रणे व डीएनएचे नमुने यांचा संवर्धनाशी थेट संबंध येतो. आय.यू.सी.एन.च्या मूल्यमापनात सामान्यतः जातीचे प्रसिद्ध झालेले वर्णन अपेक्षित असते.